खेळता खेळता बोलणं: लहान मुलांच्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

खेळगटात मुलाला सोडायला आलेले आईबाबा दारातून निघता निघता जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांबद्दलचे आहेत. काही प्रश्नांना चार ओळी पुरतात, काहींवर मी जरा जास्तच बोलते.

खेळातून मूल बोलायला शिकतं, म्हणजे नेमकं काय शिकतं?

शब्द शिकतंच, पण शब्द हा त्यातला सोपा भाग. चेंडू, दे, नको, अजून हे घरात कुणीही शिकवतं. कस लागतो तो पुढे. समोरच्याचं लक्ष आपल्याकडे आहे का ते बघायचं, आपली पाळी येईपर्यंत दम धरायचा, त्याला आपलं म्हणणं कळलेलं नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, मग तेच वेगळ्या शब्दांत सांगायचं, आणि तरीही तो "नाही" म्हणाला तर काहीतरी तोड काढायची. एवढं सगळं जमलं तर त्याला बोलणं म्हणायचं.

नुसत्या पाळीचंच बघा. मोठ्यांच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना झाली, तेव्हा भाषाभाषांत थोडा फरक दिसला, पण सगळे आकडे याच्याच आसपास होते. इतक्या झटपट बोलायचं तर समोरचा बोलत असतानाच तो कधी थांबणार याचा अंदाज बांधत राहावं लागतं. भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून हे शिकवता येत नाही. तू चेंडू टाक, मग मी टाकते, यातून ते अंगात मुरतं.

आम्ही घरात दिवसभर त्याच्याशी बोलतो. मग इतर मुलं कशाला हवीत?

बोलत राहाच. मात्र नुसता बोलण्याचा मारा नको, देवाणघेवाण हवी. चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले, यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलण्याच्या किती फेऱ्या झाल्या, याचा संबंध मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी जास्त जवळचा निघाला.

पण आईबाबांची एक अडचण असते. ते फार समजूतदार असतात. मूल "ते… वरचं… ते" एवढंच म्हणतं आणि आपण बरोबर तीच वस्तू काढून त्याच्या हातात देतो. अर्धं वाक्य त्याचं, उरलेलं आपलं. दुसरं तीन-साडेतीन वर्षांचं मूल असली मदत करत नाही.

परवाचं ठोकळ्यांच्या कोपऱ्यातलं बोलणं सांगते. दोन मुलगे पूल बांधत होते.
"ते दे."
"कुठलं?"
"ते!"
दुसऱ्याने एक चौकोनी ठोकळा पुढे केला.
"हे नाही! ते!"
दुसऱ्याने खांदे उडवले आणि तो आपल्या गाडीकडे वळला. पहिला क्षणभर गप्प. मग म्हणाला, "लांबडं. लाल लांबडं. पुलाला वरती लागतं."

आईने "हे हवंय का राजा?" म्हणत तीन ठोकळे समोर धरले असते, तर हे तिसरं वाक्य जन्मालाच आलं नसतं. सवंगड्याला तुम्हाला समजून घेण्याची सक्ती नसते, तो उठून जाऊ शकतो. आणि खेळ तर पुढे चालायला हवा असतो. म्हणून मूल शब्द शोधतं. खेळ आणि भाषा यांच्या नात्याबद्दल मला जे काही म्हणायचं आहे, त्यातलं निम्मं या लाल लांबड्या ठोकळ्यात आहे.

तान्ह्या बाळाबरोबर कसला खेळ? त्याला काय कळतं?

बुवाकुक खेळलात ना? तोंडावर फडकं घेतलं, जरा थांबलात, फडकं काढलंत, "कुक!" म्हणालात. यात संभाषणाचा अख्खा सांगाडा आहे. सुरुवात आहे, वाट बघणं आहे, कळस आहे आणि मग "पुन्हा". जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात नेमका हाच खेळ महिनोन् महिने निरखला. आधी बाळ फक्त बघणारं असतं. मग फडकं आपणच ओढायला लागतं. काही महिन्यांनी तेच तोंड लपवतं आणि आपल्याला बघायला लावतं. ऐकणारा आणि बोलणारा यांनी जागा बदलायच्या असतात, हे त्याला एकही शब्द येण्याआधी कळलेलं असतं.

याची उलटी बाजू एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसते. तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाशी छान खेळत असलेल्या आईने मधेच काही मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायचा, बाळाकडे बघायचं पण कसलाच प्रतिसाद द्यायचा नाही. बाळ आधी हसून बघतं, मग हातपाय हलवून तिला परत खेळात ओढायला बघतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं. बाळाच्या मते संभाषण चालू होतं आणि ते समोरच्याने तोडलं होतं. बाळाला मांडीवर घेऊन मोबाइलवर बोट सरकवताना माझा चेहरा कसा दिसत असेल, हा विचार त्या प्रयोगाबद्दल वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान बाळ बोट दाखवायला लागतं. नीट बघा, प्रत्येक वेळी त्याला ती वस्तू हवी असतेच असं नाही. पंख्याकडे बोट करून ते तुमच्या तोंडाकडे बघतं. "बघितलंस का?" एवढंच त्याला विचारायचं असतं. अशा वेळी "हो, पंखा! गरगर फिरतोय" म्हणणं हा त्याच्या वयाचा उत्तम खेळ.

माझी मुलगी दोन वर्षांची आहे. इतर मुलांत बसते, पण आपलं आपलंच खेळते. काही बिघडलंय का?

नाही. या वयात तेच नेहमीचं. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टेन यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांचा मुक्त खेळ पाहून १९३२ मध्ये त्याचे सहा प्रकार मांडले. नुसतं रेंगाळणं, बघत राहणं, एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, एकमेकांत मिसळून पण ठरवून नव्हे असं खेळणं, आणि शेवटी मिळून ठरवून खेळणं. तुमची मुलगी चौथ्यात आहे.

हे सहा प्रकार लोक जिन्याच्या पायऱ्या समजतात आणि मूल पुढच्या पायरीवर कधी चढणार म्हणून हैराण होतात. तसं नसतं. पाच वर्षांची मुलंही शेजारी बसून आपापलं चित्र काढतात. शिवाय शेजारी बसून खेळण्यातून मिळून खेळण्यात शिरणं सगळ्यात सोपं असतं. एकाने डबा वाजवला की दुसरा वाजवतो, पहिला चमकून बघतो आणि दोघं हसतात. शब्द एकही नाही, पण "मी तुझं ऐकलं" हे सांगून झालेलं असतं.

भातुकलीत एवढं काय असतं?

हा माझा आवडता प्रश्न, तेव्हा उत्तर लांबणार.

खेळ सुरू होण्याआधीचं बोलणं कधी कान देऊन ऐकलंत का? "मी आई व्हायचं हं. तू बाळ व्हायचं. आणि तू आजारी पडायचं. मग मी फोन करायचा." सगळं "-यचं" मध्ये. रोजच्या बोलण्यात हे रूप आपण मुलांना शिस्त लावायला वापरतो: "असं करायचं नाही", "हात धुवायचे". मुलं तेच उचलतात आणि त्यातून एक आख्खं खोटं जग उभं करतात. ते खरं नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, आणि दोघांना ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक असतं. तीन-चार वर्षांच्या जिवासाठी ही साधी गोष्ट नाही.

ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञांनी प्राणिसंग्रहालयात माकडांची पिल्लं लुटुपुटूची मारामारी करताना पाहिली. त्यांना प्रश्न पडला की हा चावा खरा नाही, हे समोरच्या पिल्लाला कसं कळतं? १९५५ च्या त्यांच्या निबंधात उत्तर आहे. खेळणारे प्राणी सतत एकमेकांना "हे खेळणं आहे" असा जास्तीचा निरोप देत असतात. बोलण्याबद्दलचं बोलणं म्हणा. आपल्या मुलांनी यासाठी शब्दही करून ठेवला आहे: टाइमप्लीज. मूठ झाकून टाइमप्लीज म्हटलं की खेळ थांबतो, बूट बांधून होतो, आणि जिथे सोडला होता तिथून खेळ पुन्हा सुरू. खेळाच्या आत आणि बाहेर ये-जा करायचं हे दार आहे.

भातुकलीत मुलं अशी ये-जा मिनिटाला दहादा करतात, आणि प्रत्येक वेळी आवाज बदलतो. चार वर्षांची मुलगी डॉक्टर झाली की म्हणते, "तोंड उघडा. मोठ्ठं उघडा." तीच आई झाली की, "उघड बरं तोंड, शहाणं बाळ ना माझं?" आणि खेळाबाहेर येऊन मैत्रिणीला, "ए, तू तोंड उघड ना, नाहीतर मी औषध कसं देऊ?" उघडा, उघड बरं, उघड ना. कुणाशी कसं बोलायचं, अहोजाहो कुठे आणि अगंतुगं कुठे, हे तिला कुणी बसवून शिकवलेलं नाही. तिने ऐकलं होतं. तोंडातून काढून बघायची संधी खेळाने दिली, कारण एरवी चार वर्षांच्या मुलीला डॉक्टरसारखं बोलू देतो कोण?

लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञांनी १९३३ च्या व्याख्यानात दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण घेतलं होतं. त्या दोघी ठरवून "बहिणी-बहिणी" खेळत होत्या. एरवी बहिणी असणं नुसतं घडत असतं. खेळात मात्र बहीण कशी वागते, कशी बोलते याचा नियम काढावा लागतो. खेळताना मूल आपल्याहून वीतभर उंच होतं, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. वरची डॉक्टरीणबाई आठवली की मला ते पटतं.

पण लुटुपुटूच्या खेळाने भाषा सुधारते, हे सिद्ध झालंय का?

प्रामाणिक उत्तर: अर्धवट. २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास तपासले. लुटुपुटूचा खेळ जास्त खेळणाऱ्या मुलांची भाषा बऱ्याचदा चांगली असते, पण खेळामुळे भाषा सुधारली की भाषा चांगली म्हणून खेळ रंगला, की तिसऱ्याच कशामुळे दोन्ही झालं, हे पुराव्यांवरून ठामपणे सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून "रोज अमुक मिनिटं भातुकली खेळा आणि शब्दसंपत्ती दुप्पट करा" असं कुणी विकत असेल तर दूर राहा. मूल दुसऱ्याशी खेळताना बोलण्याचा सराव करतं, हे तर डोळ्यांना दिसतं. मला तेवढं पुरतं.

खेळताना भांडणंच फार होतात. मधे पडावं का?

मारणं, चावणं, ढकलणं सुरू झालं तर लगेच. बाकी वेळी हात मागे बांधून उभं राहायला शिका. मला हे शिकायला काही वर्षं लागली.

एकदा दोन मुली एकाच ढकलगाडीसाठी अडून बसल्या. एकीने दांडा धरलेला, दुसरी आत बसलेली. दोघीही "माझी!" वर ठाम. मी न्याय द्यायला निघाले होते, तेवढ्यात कुणीतरी मला हाक मारली म्हणून थबकले. पाच-सात "माझी" झाल्यावर आत बसलेली म्हणाली, "मी पेशंट आहे. तू ने मला." दांडेवाली विचारात पडली. "कुठे न्यायचं?" "दवाखान्यात. जोरात ने, मला खूप लागलंय." भांडण मिटलं नाही, त्याचा खेळ झाला. मी वेळेत पोचले असते तर "आधी ही, मग ती, पाच-पाच मिनिटं" असा निवाडा दिला असता, आणि दोघींनी तो मुकाट मानला असता.

थांबणं अशक्य झालं तर निकाल न देता दुभाषाचं काम करा. "तिला काय हवंय, विचारलंस का?" "तू ओढलंस तेव्हा तिचा चेहरा बघ कसा झाला." "दोघांना हवंय आणि गाडी एक आहे. आता काय करायचं?" आणि एवढं बोलून खरंच गप्प बसा. लगोलग "सॉरी म्हण" म्हणायला लावण्यात मला फार अर्थ दिसत नाही. मुलं तो शब्द पावती फाडल्यासारखा फाडतात आणि पुन्हा ओढायला लागतात.

दोन वर्षांच्या मुलाला "वाटून घे" फारसं कळत नाही. "आता त्याची पाळी, मग तुझी" हे कळतं. तेच वापरा.

इतर मुलांकडून चुकीचं बोलणं उचललं तर?

उचलेल. बोबडे उच्चार, एखादी शिवीही. शिवीवर हसू नका आणि थयथयाटही करू नका. दोन्हींमुळे तिचा भाव वाढतो.

पण मुलं एकमेकांची भाषा बिघडवतात, या भीतीवर मला मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या देशाची गोष्ट सांगावीशी वाटते. १९७७ मध्ये तिथल्या राजधानीत, मानाग्वात, विशेष शिक्षणाची शाळा सुरू झाली आणि तोवर आपापल्या घरी एकटी असलेली कर्णबधिर मुलं पहिल्यांदा एकत्र आली. घरी प्रत्येकाच्या मोजक्या घरगुती खुणा होत्या, सामायिक भाषा नव्हती. वर्गात शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवू बघत होते, त्याला फारसं यश येत नव्हतं. पण मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये मुलं एकमेकांत खुणा मिसळत गेली. पुढे शाळेत आलेल्या लहान मुलांनी तेच उचललं आणि त्याला जास्त बांधीव व्याकरण आलं. १९८६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल यांना तिथे बोलावलं गेलं, तेव्हा त्यांना तिथे एक नवी भाषा आकार घेताना दिसली. आज ती निकाराग्वाची खूणभाषा म्हणून ओळखली जाते. मोठ्यांनी शिकवली नव्हती. एकमेकांना काहीतरी सांगायचं होतं आणि सोबत होती, एवढ्यावर ती उभी राहिली.

लहान-मोठ्या वयाची मुलं एकत्र खेळली तर मोठ्याचं नुकसान होतं का?

उलट. चार वर्षांची मुलं दोन वर्षांच्या मुलाशी बोलताना वाक्यं आपोआप छोटी आणि सोपी करतात, आणि मोठ्यांशी बोलताना लांब, हे १९७३ मध्येच रोशेल गेलमन आणि मॅरिलिन शॅट्झ यांनी दाखवलं होतं. ऐकणारा बघून बोलणं बदलायचं, हे तर मोठेपणीही सगळ्यांना जमतं असं नाही!

मुलं लहानग्याला "लिंबूटिंबू" करून घेतात, म्हणजे तो पळेल, ओरडेल, पण बाद होणार नाही, त्याच्यावर राज्य येणार नाही. ही सोय फार शहाणपणाची आहे. लिंबूटिंबूला नियम आतून बघता येतात आणि मोठ्यांना ते शब्दांत समजावावे लागतात. फक्त सगळा वेळ मिश्र वयाच्या गटातच नको. बरोबरीच्या मुलाशी जी घासाघीस होते ती मोठ्या मुलाशी होत नाही. तो एक तर हुकूम सोडतो नाहीतर सोडून देतो.

शैक्षणिक व्हिडिओंमधून शब्द शिकतोच की तो. मग?

काही शब्द शिकत असेल. पण पॅट्रिशिया कुल यांचा २००३ मधला प्रयोग बघा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ही चिनी भाषा १२ वेळा ऐकवली. काहींसमोर मँडरिन बोलणारं माणूस प्रत्यक्ष बसून खेळलं, पुस्तकं दाखवली. काहींनी तेच पडद्यावर पाहिलं, काहींनी नुसतं ऐकलं. समोर माणूस असलेली बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. बाकीच्यांना काहीच फायदा झाला नाही.

व्हिडिओ कॉलची गोष्ट निराळी. समोरचं माणूस प्रत्यक्ष उत्तर देत असेल, मुलाच्या वागण्याप्रमाणे थांबत, हसत असेल, तर दोन-अडीच वर्षांची मुलं तिथूनही नवे शब्द घेतात. तेव्हा आजीशी पडद्यावर लपंडाव जरूर खेळा.

वेळेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांपर्यंत बसल्या जागी पडदा बघणं सुचवलेलं नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम, असं आहे.

कुठली खेळणी घ्यावीत?

कमी बोलणारी. १० ते १६ महिन्यांच्या बाळांच्या २६ जोड्यांवर, म्हणजे बाळ आणि पालक अशा, केलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की दिवे लागणारी, गाणी म्हणणारी खेळणी हातात असताना पालक कमी शब्द बोलले आणि बोलण्याच्या फेऱ्याही कमी झाल्या. पुस्तकं असताना पालकांचे शब्द सगळ्यात जास्त. खेळणंच बोलायला लागलं की माणसं गप्प बसतात. ठोकळे, खोकी, चादर, बाहुली, चेंडू. खोक्याची बस होते, घर होतं, गुहा होते, आणि प्रत्येक वेळी ते काय झालंय हे दुसऱ्याला सांगावं लागतं.

माझा मुलगा लाजरा आहे. कडेला उभा राहून नुसता बघतो.

तो बघतोय म्हणजे काम चालू आहे. "जा ना, विचार त्यांना, मी खेळू का म्हणून" असं ढकलू नका. खेळात शिरण्याच्या युक्त्या अभ्यासणाऱ्यांना वारंवार दिसलं आहे की थेट विचारल्यावर चालू खेळातली मुलं बऱ्याचदा "नाही" म्हणतात. आपला जमलेला खेळ मोडेल अशी त्यांना धास्ती असते. जी मुलं आधी बघतात, जवळ जाऊन तसंच काहीतरी करायला लागतात आणि मग खेळाला उपयोगी पडेल असं काही बोलतात, त्यांना जागा मिळते. दुकान-दुकान चालू असेल तर "मी खेळू?" पेक्षा "माल आणलाय, कुठे ठेवू?" हे चालतं. घरी तुमच्याबरोबर अशी एक-दोन वाक्यं खेळून बघा. बाकी त्याच्यावर सोडा.

मोठ्यांनी मुलाबरोबर खेळायचं तर कसं?

सगळ्यात मोठी खोड म्हणजे परीक्षा घेणं. मूल गाडी घेऊन येतं आणि आपण सुरू: "हा कुठला रंग? चाकं किती? मोज बघू." मुलाला रंग माहीत असतो, तुम्हालाही माहीत असतो. ज्याचं उत्तर दोघांना माहीत आहे, तो प्रश्न संभाषण पुढे नेत नाही. त्याऐवजी जमिनीवर बसा, दुसरी गाडी घ्या आणि म्हणा, "माझी गाडी बंद पडली." मग गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, जीभ शिवशिवते. सहाव्या-सातव्याला मूल म्हणतं, "पेट्रोल संपलं." किंवा "धक्का मारू?" झालं, खेळ सुरू.

दुसरं, त्याचं लक्ष आहे तिथे तुम्ही जा. मूल ज्या वस्तूकडे आधीच बघतंय तिचं नाव सांगितलं तर ते पटकन रुजतं, त्याची मान आपल्याला हव्या त्या चित्राकडे वळवून सांगितलं तर तितकं नाही. आणि "मी पाणी आणली" म्हणालं तर "चूक" म्हणू नका. "आणलंस पाणी? दे, तहान लागली होती." बरोबर रूप कानावर पडलं, खेळही थांबला नाही.

एकटा खेळतो तेव्हा स्वतःशी बडबडतो. काळजीचं आहे का?

नाही. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये याला आत्मकेंद्री बोलणं म्हटलं होतं, वयाबरोबर गळून पडणारं. वायगॉट्स्कींचं मत वेगळं होतं: ते गळत नाही, आत जातं आणि विचार होतं. पुढच्या संशोधनाचा कौल बराचसा वायगॉट्स्कींकडे आहे. बडबडू द्या.

घरात दोन भाषा आहेत. खेळात गोंधळ होईल का?

मुलं दोन भाषा मिसळतात, पण कुणाशी कुठली चालते हे त्यांना फार लवकर, दोन वर्षांच्या आसपासच, उमगायला लागतं. खेळायला येणाऱ्या मुलाची भाषा वेगळी असेल तर उत्तमच. ती भाषा वापरायला खरं कारण मिळालं.

डॉक्टरांना किंवा स्पीच थेरपिस्टना कधी दाखवावं?

इथे मात्र "मुलगे उशिरा बोलतात" म्हणत थांबू नका. वर्षाचं झालं तरी बाबा-दादा अशी बडबड नाही, बोट दाखवणं किंवा हात हलवून टाटा नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःचं दोन शब्दांचं वाक्य नाही. किंवा कुठल्याही वयात येत असलेलं बोलणं गेलं, तर वाट न बघता जा. हाकेला ओ न देणं, डोळ्यांत न बघणं, खेळात दुसऱ्याला सामील करायची इच्छाच न दिसणं, हेही सांगा. पहिल्यांदा कान तपासून घ्या. बोलण्याची चिंता घेऊन आलेल्या घरांत ऐकण्याचा विचार झालेलाच नाही, असं मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

उशिरा बोलणाऱ्या किंवा ऑटिझम असलेल्या मुलालाही खेळ हवाच असतो. फक्त दारं वेगळी असतात. शब्द येत नसतील तर पाळीचा खेळ, चेंडूचा, झोक्याचा. ते एकच चाक फिरवत बसलं असेल तर शेजारी बसून तुम्हीही फिरवा, आधी त्याच्या खेळात जा.

आमच्या आसपास लहान मुलंच नाहीत. काय करू?

दहा मुलं लागत नाहीत, एक पुरतं. दर वेळी नवं मूल शोधण्यापेक्षा तेच मूल पुन्हा पुन्हा भेटू द्या. ओळखीच्या सोबत्याबरोबर खेळ जास्त गुंतागुंतीचा होतो आणि बोलणंही, कारण मागच्या वेळचं आठवत असतं. सुरुवातीला पाऊण तास खूप झाला. दोघंही दमून चिडचिडे होण्याआधी उठवा. पहिल्या दोन भेटी बहुधा निव्वळ ओढाओढीत जातील, त्यावरून काही ठरवू नका.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाहुणा दारात चपला घालत असतो, त्याची आई घाई करत असते, आणि तुमचा मुलगा आतून ओरडतो, "ए, उद्या मी ड्रायव्हर व्हायचं हं!" त्यावर जिन्यातून उत्तर येतं, "नाही, तू परवा व्हायचं. उद्या मी."